साहेबांचा चहा आणि सकाळची बस

आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्या पलीकडे, मोठा रस्ता सोडून आत. वस्ती एवढीशी की लग्नात सगळं गाव एकाच पंगतीला जेवून उठतं. चौथीपर्यंत शाळा आहे, एक किराणा दुकान आहे आणि सकाळी एक बस येते, संध्याकाळी तीच माणसं परत आणून सोडते. दुसरी नाही.

मागच्या हिवाळ्यात आगारातून निरोप आला. या गाडीला प्रवासी नाहीत. एक साहेब येऊन पाहतील, मग चालू ठेवायची की बंद करायची ते ठरेल. निरोपात खोटं काही नव्हतं. बाजाराला जायचं तर आम्ही दारात येणाऱ्या ऑटोत कोंबून बसतो. बसमध्ये असतात त्या कॉलेजच्या पोरी. त्यातलीच एक माझ्या दिरांची मुलगी, अकरावीतली. दिरांनी जेवताना सांगून टाकलं, "गाडी बंद, तं कॉलेज बंद. ऑटोत लटकत नाही पाठवणार मी पोरीले." पोरगी ताटावरून उठली.

मी कामाला लागले. घरोघर फिरून माणसं ठरवली. सासूबाईंनी डोळे तपासायला जायचं, शेजारच्या मामांनी बियाण्याच्या चौकशीला, बचत गटाच्या बायांनी बँकेत. ज्याला काम नाही त्यानं नुसतं जाऊन यायचं. बस भरलेली दिसली पाहिजे, बस्स.

साहेब त्याच बसनं आले आणि त्याच बसनं परतणार होते. सगळं गाव पिशव्या घेऊन तयार होतं. पण पारावर सतरंजी अंथरलेली, पोरी ओवाळायला उभ्या. पोहे झाले. चहा यायचा होता. आमच्याकडे पाहुण्याचा चहा होईस्तोवर कोणी जागचं उठत नाही. साहेब उठू लागले, तर मामांनी हात धरून बसवलं, "असं कसं जी? घोटभर तं घ्या!"

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

"वाजवू दे त्याले," सासूबाई म्हणाल्या. "पाहुण्याले बशीत फुंकू तं द्या."

पुढच्या गावी शाळेची मुलं खोळंबली होती. ड्रायव्हरनं गाडी वळवली आणि तो निघून गेला. गाडीत चिटपाखरू नव्हतं.

सगळं गाव पिशव्या मांडीवर घेऊन बघत राहिलं. साहेबांनी बशी खाली ठेवली. "आता मी कसा जाऊ?"

"जसे आमी जातो तसे," दीर म्हणाले.

सगळं गाव बसनं जाणार म्हणून ऑटोवाले त्या दिवशी फिरकलेच नव्हते. शेवटी संत्र्यांचा टेम्पो निघाला. साहेब कॅरेटवर बसले, पोरी मागच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. पुतणीचं प्रॅक्टिकल होतं, म्हणून दिरांनी जाऊ दिलं. पण टेम्पो दिसेनासा होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

संध्याकाळी पुतणी हसत घरात शिरली. "मोठी आई, नाल्याच्या वळणावर साहेबच भेले! माह्या दप्तराले धरून बसले. मी म्हटलं, पाय वर घ्या जी, संत्रे चेंदून राहिले."

"अन् मग?"

"उतरताना विचारे, बस नसली तं रोज अशाच येसान काय? मी म्हटलं, नाही जी. मले तं घरीच बसवतीन."

आठवडाभर मी आगाराच्या पत्राची वाट पाहिली. पत्र आलं नाही. बस मात्र रोज येत राहिली, आजही येते. बाजाराच्या दिवशी आता आम्हीही बसतो तिच्यात, तेवढं मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय.

ड्रायव्हर मात्र आमच्या गावात खाली उतरत नाही. "तुमच्या चहाचा भरवसा नाही, वहिनी," म्हणतो. म्हणून पुतणी कप घेऊन जाते. आधी स्वतः गाडीत चढते, खिडकीजवळची जागा धरते आणि मगच त्याच्या हातात चहा देते.