जुना कंपायलर सांभाळणारी बाई

पनवेलच्या एका बर्फाच्या कारखान्यातलं यंत्र मी दुरुस्त करत होतो. नवा सेन्सर बसवला, त्यामुळे यंत्राचा प्रोग्रामही बदलावा लागला. पण आतला प्रोसेसर जुना, सोळा बिटांचा. सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम त्याला कळेल अशा रूपात बदलणारा कंपायलर कुठेच मिळेना. मालक यंत्र भंगारात काढायला निघाले होते.

नवीन पनवेलच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी विचारपूस करत होतो. तिथे मोबाईल दुरुस्तीला द्यायला आलेली एक बाई म्हणाली, "माझ्याकडे आहे." केस पिकलेले, पदर कमरेला खोचलेला. "माझी पहिली नोकरी त्याच्यावरच झाली. टाकवलाच नाही कधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपला जुना लॅपटॉप पोटाशी धरून कारखान्यात आली. प्रोग्राम कंपाईल होईपर्यंत ती पडद्याकडे बघत पदर आवळत राहिली. मग आम्ही तो यंत्रात उतरवला आणि कॉम्प्रेसर घरघरू लागला.

"ताई, चहा घ्या," मालक म्हणाले. पण तिने आधी फोन लावला आणि तिची बोलीच बदलली.

"आये, तू मासलीला बरफ घेतेस ना, तो कारखाना मी चालू केलाय. हां, मीच!"

पलीकडे मासळीबाजाराचा गलका होता. त्यातूनही म्हातारीचा आवाज आम्हाला ऐकू आला, "अगो ऐकलंस का, माज्या पोरीनं केलाय!"

बाई लाजली, पण मान ताठच होती. तिचं नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं. बाजारात मात्र ते त्या सकाळी सगळ्यांना कळलं असणार.