फिलोमिनाने काढून घेतलेला वर्ग

फिलोमिना गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच चिडलेली होते. दोन दिवस बाई फोन उचलत नव्हती. "मेली करते तरी काय घरात?" असं मी माझ्या लेकीला, केतकीला म्हणतेय, तेवढ्यात फिलोमिनाच्या भाच्याचा फोन. "सुलभा टीचर, आमची आंटी गेली. सकाळी, झोपेतच..." मी जीभ चावली ती चावलीच. पुढचं तो काय बोलला, मला एक अक्षर आठवत नाही. आता पाच आठवडे झाले, तरी 'मेली' हा शब्द तोंडात आला की मी दचकते.

अंधेरी पूर्वेच्या आमच्या मराठी शाळेत आम्ही बावीस वर्षं एकत्र काढली. मी मराठी शिकवायचे, ती समुपदेशक. मुलांना तो शब्द काही उच्चारता यायचा नाही, त्यामुळे ती झाली 'मेथीवाल्या मॅडम'. कारण तिच्या एवढ्याशा खोलीत टेबलावर कायम काहीतरी निवडायला पडलेलं असे. मेथीची जुडी, मटार, थंडीत वालाच्या शेंगा. रडत आलेल्या पोराला ती 'काय झालं' म्हणून विचारायचीच नाही. "बस. जरा हात लाव, मला घरी जाऊन स्वयंपाक आहे," एवढंच. मान खाली, हात कामात, आणि पंधराव्या मिनिटाला पोरगं आपणहून बोलायला लागायचं. एकदा आमच्या मुख्याध्यापकांनी तिला सुनावलं, "मॅडम, ही शाळा आहे, भाजी मार्केट नाही." ती शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही पण बसा ना. कोथिंबीर आहे." आणि काय सांगू, ते बसले! अर्ध्या तासाने बाहेर आले ते डोळे पुसत. आत काय बोलले ते तिने मला कधीच सांगितलं नाही, आणि मी काही कमी खोदलं नव्हतं.

ती इथल्याच गावठाणातली, ईस्ट इंडियन ख्रिश्चन. रोज सकाळी चर्चमधली सहाची प्रार्थना, त्यांची मिसा, करून मगच शाळेत. मी मालवणी, गणपतीत गावाला पळणारी. पण तिच्याबरोबर कितीतरी वेळा चर्चमध्ये जाऊन बसलेय. ती कायम शेवटच्या बाकावर. "पुढे बसणाऱ्यांची कामं मोठी असतात गो, आपलं मागून चालतं." रोज एका मुलासाठी मेणबत्ती लावायची. आज कोण, असं विचारलं तर म्हणायची, "सहावीतला एक." नाव? "नाव ज्याला कळायला हवं त्याला कळतं." अशी पक्की! तिच्या पोटातून गोष्ट काढणं म्हणजे बंद तिसऱ्यांचे शिंपले उघडण्यातला प्रकार, आणि तोही सुरीशिवाय.

आणि ह्याच स्वभावावरून आमचं वाजलं. केतकी आमच्याच शाळेत होती. नववीला माझ्याच वर्गात आली, नववी-ब मध्ये. शिक्षकांच्या मुलांना शाळेत आईला 'बाई'च म्हणावं लागतं, तशी तीही म्हणायची. कोणी लाड करते म्हणू नये म्हणून मी तिला दोन मार्क कमीच द्यायचे, आणि ओरडताना पहिला नंबर तिचाच. मला वाटायचं, मी किती निःपक्षपाती! दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत येते तर माझा वर्ग बदललेला. नववी-ब दुसऱ्या बाईंकडे, मला सातवी. मुख्याध्यापक म्हणाले, "फिलोमिना मॅडमनी सुचवलंय." मी तडक तिच्या खोलीत. "काय कमी पडलं माझ्या शिकवण्यात? मैत्रीण म्हणवतेस आणि पाठीमागून सरांचे कान भरतेस?" ती एवढंच म्हणाली, "शिकवण्यात काही कमी नाही, सुलू." मग का? ती शेंगा सोलत राहिली. मी वर्षभर तिच्याशी बोलले नाही. स्टाफरूममध्ये ती आली की मी वह्या उचलून बाहेर.

नाताळात तिने घरी कुलकुल्यांचा, त्यांच्या गोड फराळाचा, डबा पाठवला, मी तसाच परत केला. पुढच्या नाताळात ती स्वतःच डबा घेऊन दारात उभी. "आता मला परत पाठव, डबा ठेव." हसू आलं, काय करणार! बोलणं सुरू झालं, पण सल काही गेला नाही. चारचौघांत मी टोमणे मारायचेच, "ही बघा, माझा वर्ग खाल्लेली बाई." ती हसायची. निवृत्तीनंतरही हसायची. आमची शेवटची भेट तिच्या दारातल्या ओट्यावर झाली. चार पावलं चाललं तरी धाप लागत होती तिला. मी म्हटलं, "आता तरी सांग गं, दोघी रिटायर झालो." तर म्हणाली, "आपण झालो. गोष्ट नाही झाली."

तिच्या महिन्याच्या मिसेला केतकी कांदिवलीहून सुट्टी काढून आली. आता तिशीला आली ती. मिसा संपली, लोक पांगले, आणि चर्चच्या आवारात माझा हात धरून म्हणाली, "आई, नववीत तुझा वर्ग मी बदलायला लावला होता." ती पुढे बोलतच राहिली. "घरीसुद्धा मला तुला 'बाई' म्हणावंसं वाटायचं. जेवताना भीती वाटायची, आता काय विचारशील. मॅडम म्हणाल्या, आईला सांगूया. मी त्यांच्या पाया पडले, नको म्हणून. म्हटलं, तिला वाटेल, मला ती आवडत नाही." मग मॅडम काय म्हणाल्या, मी विचारलं. "म्हणाल्या, ठीक आहे. तिला कोणावर तरी रागवावं लागेलच, तर माझ्यावर रागवू दे. तू घरी जा, तिच्याजवळ बस."

आणि खरंच, त्या वर्षी ती माझ्याजवळ बसायला लागली होती. रात्री केसांना तेल लावून घ्यायची, काहीबाही बडबडायची. मला वाटलं, पोर वयाने शहाणी झाली. आमचं बोलणं पुन्हा सुरू झाल्यावर मी फिलोमिनालाच ऐकवलं होतं, "बघ, तुझ्या मदतीशिवाय माझी मुलगी माझ्याशी किती बोलते." ती म्हणाली होती, "छान गो."

मला खूप रडू आलं, तिथेच, आवारात, लोकांसमोर. केतकीने पाठीवर हात फिरवला. फिलू, पंधरा वर्षं मी तुला टोचून बोलले. चुकलं माझं. पण एकदा तरी उलट बोलायचंस गं...