सात मासे, पोटासकट

निशी-कसाईतल्या आमच्या इमारतीचे व्यवस्थापक माझ्या दारात पहिल्यांदा आले ते माझीच कचऱ्याची पिशवी घेऊन. मी दह्याचा डबा न धुता टाकला होता. त्यांनी तो माझ्यादेखत नळाखाली धुतला, त्याचं झाकण वेगळं केलं आणि मान लववून माझ्या हातात दिला. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंग काटकुळं, एक गुडघा दुखरा. इमारतीतली मुलं त्यांना ओजीसान, म्हणजे जपानीत आजोबा, म्हणत. मीही तेच म्हणायला लागले. मी विद्यापीठात माती तपासते, भूकंपानंतर अणुभट्टीतून उडालेलं किरणोत्सारी सीझियम कुठल्या जमिनीत किती मुरलंय ते मोजते, हे कळल्यावर ते मला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणू लागले. दह्याचे डबे मात्र त्यानंतरही तपासत.

दुसऱ्याच्या टेबलावर काय चाललंय ते बघायची मला लहानपणापासून खोड आहे. त्यापायी आईचे धपाटेही खाल्लेत. ओजीसानांच्या तळमजल्यावरच्या खोलीत एक छोटा चिमटा होता, चिमट्यात भाताच्या शितापेक्षा लहान गळ, आणि त्या गळाभोवती ते कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळत बसलेले असत.

"हे काय?"

"माशी. माशाला खरी वाटते."

पिसांच्या पाकिटावर 'भारत' असं छापलेलं होतं. मी पुण्याची. आमच्याकडे अंडं उकडायचं तर वेगळ्या भांड्यात आणि तेही गॅलरीत. आमच्या देशातला कोंबडा इथे येऊन माशी होतो, याचं मला इतकं नवल वाटलं की मी त्या दिवशी लॅबला उशिरा पोचले.

हळूहळू सगळं कळत गेलं. त्यांचं गाव उत्तरेकडच्या डोंगरात, आणि गावाजवळ त्यांचा ओढा. उन्हाळ्यात त्यात ते इवाना पकडायचे. इवाना म्हणजे ट्राउटच्या जातीतला, अंगावर पांढरे ठिपके असलेला मासा. भूकंपानंतर काही वर्षं सीझियममुळे तिथली मासेमारी बंद होती. मग सरकारने ओढा खुला केला, तरी ओजीसान गेले नव्हते.

"पकडून सोडून द्यायचे ना," मी म्हटलं. "आता कितीतरी जण तसंच करतात."

"मारायचा नाही तर छळायचा कशाला? खाता येत नसेल तर मी गळाची काठी उचलणार नाही."

सरकारी कागदावर मासा खाण्याजोगा होता. पण कागद कुणी लिहिला ते त्यांना माहीत नव्हतं. एके दिवशी जिन्यात थांबवून त्यांनी विचारलं, मी मोजीन का? म्हणाले, "तुम्ही मासे खात नाही. तुम्हाला खोटं बोलायचं काही कारण नाही."

खरं सांगते, मला फार अभिमान वाटला. प्राध्यापकांनी रविवारी यंत्र वापरायची परवानगी दिली. जुलैमध्ये आम्ही दोघं रेल्वेने आणि मग बसने त्यांच्या ओढ्यावर गेलो.

तो ओढा झऱ्याचा. पावसाचं पाणी तिथे ज्वालामुखीच्या दगडात मुरतं आणि कित्येक वर्षांनी खालून वर येतं. ऐन जुलैत माझे पाय बधिर झाले. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचा खडा न् खडा मोजता यावा. काठाकाठाने हिरव्या पाल्याचे गुच्छ पाण्यात डुलत होते आणि त्यांच्या सावलीत एक मासा जागच्या जागी पोहत होता. थोड्या वेळाने पाण्यातून बारीक किडे वर यायला लागले. पृष्ठभागावर येऊन क्षणभर पंख सुकवायचे आणि उडायचे. मासा वर यायचा, हलकेच तोंड उघडायचा आणि त्यातला एक कमी व्हायचा.

"हा किडा कुठला? पाण्यात किती दिवस राहतो? मासा तो डाव्या बाजूचाच का उचलतो?"

"सेन्सेई," ओजीसान हळूच म्हणाले, "प्रश्नांनी मासे पळतात."

मग ते दुखऱ्या गुडघ्यावर वाकले. गळाला वजन नसतं, वजन दोरीलाच असतं. दोरी मागे गेली, पुढे आली, आणि तो पुण्या-मुंबईकडचा कोंबडा माशाच्या हातभर पुढे अलगद उतरला. मासा आला. इतक्या वर्षांनी त्यांनी काठी धरली होती, आणि मी मूर्खासारखी टाळ्या वाजवल्या.

सात मासे झाल्यावर त्यांनी खिशातून छोटा सुरा काढला.

"नाही नाही!" मी ओरडले. "जसे आहेत तसेच हवेत. काहीही काढायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होते बहुतेक. मग "हाय", म्हणजे बरं, म्हणून सुरा मिटला.

मातीच्या कामात पहिला नियमच तो: नमुन्यातला कणही टाकायचा नाही. मी हातमोजे घालून सातही मासे डोक्या-शेपटीसकट यंत्रात बारीक केले, डबीत दाबून भरले आणि रात्रभर मोजायला लावले. आकडा सरकारी मर्यादेच्या वर आला. फार नाही, जरासाच. मी पुन्हा मोजलं. तोच.

ओजीसानांना सांगितलं तेव्हा ते झाडू मारत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी खाली वाकून माझे आभार मानले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर चिमटा नव्हता. पिसांची पाकिटंही नव्हती. काठी कापडात गुंडाळून कपाटावर गेली होती. मला वाईट वाटलं, पण आपण एका म्हाताऱ्या माणसाला वाचवलं असंही वाटलं. तेच जास्त वाटलं, हे आता कबूल करायला हवं.

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि नवरा डोंगरातल्या एका गरम पाण्याच्या झऱ्याच्या गावी गेलो होतो. रस्त्यावर एक बाई निखाऱ्यांवर मासे भाजत होत्या. सवयीप्रमाणे मी जाऊन नाक खुपसलं. बाईंनी माशाचं पोट चिरलं, आतलं सगळं बोटाने ओढून काढलं, नखाने कण्याजवळचा काळा रक्ताचा पट्टा खरवडला, नळाखाली धुतलं आणि मग मीठ लावलं.

"हे आतलं टाकून देता?" मी विचारलं.

"टाकणारच! काय खाल्लेलं असतं त्याने, किडे न् वाळू."

मासे साफ करतात एवढं मला ऐकून माहीत होतं, पण साफ म्हणजे खवले काढून धुणं अशीच माझी समजूत. तळावरची माती माशाच्या पोटात जाते, सीझियम मातीलाच चिकटून बसतं, हे मला जगात सगळ्यात आधी सुचायला हवं होतं. ती माती मी मोजली होती आणि तिला मासा म्हटलं होतं. आमच्याकडे म्हणतात ना, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. इथे बैल माझा नव्हता, एवढाच फरक.

परत आल्या आल्या, बॅग हातात असतानाच, मी ओजीसानांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं.

"मला त्या वेळी विचित्र वाटलं होतं," ओजीसान म्हणाले. "पोटासकट कोण मोजतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सेन्सेई ना."

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. आपण सांगावं आणि समोरच्याने मान लववावी, याची चटक मला लागली होती. त्यांचा एक अख्खा उन्हाळा त्यात गेला होता, आणि त्या वयात उन्हाळे काही पडलेले नसतात. मी तसं म्हणालेही. त्यांनी फक्त गुडघा चोळला.

दोन आठवड्यांनी माझ्या दारात बर्फाचा डबा होता. आत सात मासे, पोट चिरलेले, धुतलेले, स्वच्छ. एकट्याने जाऊन आले होते. या वेळी मी आधी स्वयंपाकाचं पुस्तक वाचलं, त्या भाजणाऱ्या बाईंनाही फोन केला, आणि माणूस जेवढं खातो तेवढंच मोजलं. तीनदा मोजलं. आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली होता.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही पुन्हा ओढ्यावर गेलो. मी एकही प्रश्न विचारला नाही, हे माझ्या नवऱ्याला अजून खरं वाटत नाही. ओजीसानांनी दोन मासे पकडले. एक स्वतः चिरला, आणि दुसरा सुऱ्यासकट माझ्या हातात दिला. हातमोजे नव्हते. मी पोट चिरलं, बोट घातलं, ओढलं. अर्धवट पचलेले पंख निघाले, आणि त्यांच्या मागे चिमूटभर काळी वाळू. मी ती बोटांवर घेऊन त्यांना दाखवली. त्यांनी वाकून नीट पाहिली, दह्याचा डबा पाहावा तशी. मग मी हात पाण्यात बुडवला आणि ती वाहून गेली.

काठावरच काड्यांना लावून मासे भाजले. कातडी तडतडली, मीठ पांढरं झालं. ओजीसानांनी एक काडी उचलली, तोंडाजवळ नेली आणि थांबले.

"सेन्सेई, खाऊ?"

आदल्या वर्षी मी ताडकन उत्तर दिलं असतं. आता ते चिरलेलं पोट, धुतलेला कणा, तीन वेळचे तीन आकडे, सगळ्याची एकदा मनात उजळणी केली.

"खा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून पाठीचा लचका तोडला आणि सावकाश चावत राहिले. तो घास खाली उतरेपर्यंत मी त्यांच्या गळ्यावरून नजर काढली नाही.