तळमजल्याचं मीटर

माझी ताई पाण्याची मीटरं वाचते. गेली एकवीस वर्षं ती गल्लीगल्लीतून फिरते, भिंतीवरच्या लोखंडी पेटीचं झाकण उघडते, काचेवरची धूळ बोटानं पुसते आणि आकडा लिहून घेते. त्या भागातली कुत्री तिला ओळखतात, माणसं ओळखत नाहीत. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणते, "रीडिंग जुळलं नाही."

आम्ही तिघं चौथ्या मजल्यावर राहतो. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणजे ताईच्या मते होऊन गेलेल्या गोष्टींवर चिडायचा पगार घेतो. बाबा पोस्टमन होते. जन्मभर ते लोकांचे जिने चढले आणि गेल्या वर्षी खुबा मोडल्यावर स्वतःच्याच घराच्या बहात्तर पायऱ्या त्यांना उतरता येईनात. लिफ्ट नाही. अकरा महिने ते खिडकीतल्या खुर्चीवर बसून होते. कुरकुर एकच, की नवा पोस्टमन पत्र पेटीत नीट आत ढकलत नाही.

बाबांना खाली न्यायचं, हा एकच ध्यास ताईनं घेतला होता. शेवटी एक जाहिरात सापडली. तळमजला, दोन खोल्या, पुढे छोटं अंगण, दारापर्यंत एकही पायरी नाही. ताईनं इस्टेट एजंटला फोन लावला. तो लोण्यासारखा बोलत होता. घर रिकामं आहे, चार वाजता या, वडिलांसाठी तर अगदी योग्य. मग त्यानं नाव विचारलं. ताईनं आडनावासकट सांगितलं. पलीकडून नुसतंच, "बरं, बघू."

आमचं आडनाव ऐकलं की काही लोकांना आम्ही कोण, कुठले, काय खातो, किती आवाज करतो, सगळं एका दमात कळतं. आम्हालाही इतकं माहीत नसतं.

चार वाजता आम्ही त्याच्या ऑफिसात पोचलो. काचेवर तीच जाहिरात चिकटवलेली. तो खुर्चीतून उठलाही नाही. "ताई, सकाळीच गेलं हो ते घर. नशीब एकेकाचं!" आमचं नशीब हा वाटतोय आणि वर हसतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई "बरं" म्हणाली आणि बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी माझ्या सांगण्यावरून आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी त्याच घरासाठी त्याला फोन केला. त्यांचं आडनाव ऐकून गडी खूश. "आत्ता या, किल्ली माझ्या खिशातच आहे!"

"तक्रार कर," मी ताईला म्हणालो.

"जाऊ दे रे. दुसरं बघू."

आणि मग तिला दाराशी बाबांचे बूट दिसले. घर बघायला जाणार म्हणून तिनं आदल्या दिवशी बाबांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडून माळ्यावरचे बूट काढून घेतले होते आणि बसल्या बसल्या पॉलिश करून दाराशी लावून ठेवले होते. अकरा महिन्यांनी. ताईनं त्यातला एक बूट उचलून पाहिला आणि परत जागेवर ठेवला. मग म्हणाली, "कागद आण."

मी चार पानं लिहिली. माणुसकी, सभ्यता, शतकानुशतकांचा अन्याय, सगळं घातलं. ताईनं ती वाचली, घडी करून डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घातली आणि स्वतः अकरा ओळी लिहिल्या. तारीख, वेळ, तो काय बोलला, आम्ही काय बोललो. विशेषण एकही नाही. खाली गणिताच्या बाईंची सही.

तक्रार निवारण कार्यालयात दीड महिन्यानं सुनावणी लागली. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या होत्या. एजंट इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "मॅडम, माझ्याकडे भेदभाव वगैरे काही नसतं. घर खरंच गेलं होतं. त्या दुसऱ्या बाईंना मी वेगळी जागा दाखवणार होतो. तळमजल्यावर त्याच दिवसापासून नवरा-बायको आणि दोन मुलं राहताहेत. आजही सकाळी मी त्यांना भेटून आलो."

एकवीस वर्षांत ताईनं कुणाच्या घरचा आकडा दुसऱ्याला सांगितला नव्हता. त्या दिवशी तिचा तोल गेला. "खोटं! चारशे सतरावर होतं त्या घराचं मीटर. पुढच्या महिन्यातही चारशे सतराच. थेंब वापरलेला नाही कुणी!"

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्याच राउंडमध्ये येतं ते घर."

एजंटला आयतं कोलीत मिळालं. सरकारी माहिती ही बाई स्वतःसाठी वापरते, मी पाणी कार्यालयात कळवतो, हिची नोकरी बघतो. अधिकारी बाई म्हणाल्या, "असा मिळालेला आकडा मला पुरावा म्हणून घेता येणार नाही." पुढची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली.

ताई घरी आली ती थेट भाजी चिरायला बसली. चोर उजळ माथ्यानं फिरतोय आणि ही मान खाली घालून भाजी चिरतेय, हे माझ्याच्यानं बघवेना. बाबांनी खुर्चीतूनच विचारलं, "पेटी कुठे आहे त्या मीटरची?"

"बाहेर. फुटपाथच्या भिंतीवर."

"मग ते कुणीही वाचावं. पाकिटावरचा पत्ता वाचायला पोस्टमनच लागतो असं थोडंच आहे?"

सकाळी शाळेआधी मी तिथे हजर. काच पुसली, दिसला तो प्रत्येक आकडा वहीत उतरवला, हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरून फोटो काढला आणि धापा टाकत चार जिने चढून वर आलो. "ताई, घोटाळा झाला! चार लाख सतरा हजार तीनशे शहाऐंशी! नदी वाहतेय त्या घरातून!"

कितीतरी दिवसांनी ताई हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे मास्तर, काळे आकडे तेवढे लिहायचे. शेवटचे तीन लाल असतात, ते सुटे लिटर. ते आम्ही कधी लिहीत नाही."

आणि बोलता बोलता ती थांबली. लाल आकडे ती एकवीस वर्षं नजरेआड करत आली होती. काळा आकडा हजार लिटरनंतर हलतो. कुणी काटकसरीनं राहिलं तर तो चार दिवस हलणारही नाही. पण लाल आकडा नुसते हात धुतले तरी सरकतो. "रोज जा," ती म्हणाली. "आणि जसं चुकीचं लिहिलंस, तसंच लिही."

आठ दिवस गेलो. आठ फोटो, आठ वर्तमानपत्रं. तीनशे शहाऐंशी. तीनशे शहाऐंशी. पुढेही तेच.

दुसऱ्या सुनावणीत अधिकारी बाईंनी आठही फोटो टेबलावर ओळीनं मांडले. "चार माणसं. दोन लहान मुलं. आठ दिवसांत एक लिटरही नाही. पाणी पीत नाहीत का हो ही मुलं?"

"मॅडम, ते... बाहेरून आणत असतील."

"भाडेकरार दाखवा."

करार नव्हताच. इस्त्रीच्या शर्टाला घाम फुटलेला मी प्रथमच इतक्या आनंदानं पाहिला.

निकाल यायला आणखी तीन महिने लागले. एजंटचा परवाना सहा महिने बंद आणि आम्हाला लेखी माफी. पाणी कार्यालयानं ताईला समज दिली. ती तिनं बिनतक्रार घेतली, कारण चूक तिची होतीच. पण एवढ्या काळात मालकानं ते घर दुसऱ्या कुणाला देऊनही टाकलं. मागच्याच राउंडला ताईनं त्या पेटीचं झाकण उघडलं, तर आकडा चारशे एकतीस. तिनं तो लिहून घेतला आणि पुढच्या घराकडे वळली.

माफीचं पत्र रजिस्टरनं आलं. बाबांनी ते खुर्चीत बसून दोनदा वाचलं. जुन्या सवयीनं पाकीट उलटसुलट करून शिक्का तपासला, पत्त्यावरून अंगठा फिरवला.

"पत्र बरोबर आलंय," ते म्हणाले. "पत्ता मात्र तोच आहे गं. चौथा मजला."

निकाल लागला तेव्हा मी अख्ख्या शाळेला पेढे वाटल्यासारखा सांगत सुटलो होतो, आणि बाबा होते तिथेच होते. बूट अजून दाराशीच होते. दर रविवारी बाबा ते पॉलिश करत होते.

ताईनं पत्र त्यांच्या हातातून घेतलं आणि फायलीत लावलं. पेपर उघडून तळमजल्याच्या दुसऱ्या एका जाहिरातीवर बोट ठेवलं, फोन लावला. पलीकडून कुणीतरी गोड आवाजात "बोला" म्हणालं.

"थांबा," ताई म्हणाली. "आधी माझं आडनाव ऐका. मग सांगा घर आहे का."

आणि तिनं ते सांगितलं, एकेक अक्षर सुटं, खणखणीत, खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं.