चाळणीला बांधलेला पट्टा

मी उदगीरच्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. भूतबित, भास, असलं काही मी मानत नाही. कुणी सांगायला लागलं की सरळ उठून जाते. म्हणून हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

मागच्या वर्षी मालकांनी कामगारांच्या तब्येतीसाठी उपक्रम काढला. बिनसाखरेचा चहा, महिन्याला बीपी तपासणी, आणि प्रत्येकाच्या मनगटावर पावलं आणि नाडीचे ठोके मोजणारा पट्टा. आकडे माझ्या ऑफिसातल्या टॅबवर दिसायचे. पंधरा दिवसांत आमचे जुने कामगार सलीमचाचा सगळ्यांच्या पुढे. मला शंका आली... त्यांनी पट्टा डाळीच्या चाळणीला बांधून ठेवला होता. चाळणी दिवसभर हलायची, यांची पावलं वाढायची.

"चाचा, लाज वाटते का?"

"मॅडम, दिवसभर पोती उचलूलालोय, अजून किती चालू? चाळणीची तब्येत तरी नीट ऱ्हाऊ द्या की."

सगळे हसले. मी चिडले, पण पट्टा तिथंच राहिला.

गुरुवारी मिलला सुट्टी. मी एकटीच स्टॉक बघायला आले होते. सकाळचे अकरा, मशीन बंद. टॅब उघडला तर चाचांच्या नावापुढे पावलं शून्य, ठोके एकशे बेचाळीस. चाळणीजवळ जाऊन पाहिलं – पट्टा चाळणीच्या लोखंडी दांडीलाच होता. चाळणी जागची हलत नव्हती, आकडा मात्र हलत होता. एकशे एक्केचाळीस... एकशे चव्वेचाळीस.

मला भीती नाही वाटली, राग आला. म्हटलं, चाचांनी परत काहीतरी क्लृप्ती केली, आज यांची खरडपट्टी काढतेच. फोन चाचींनी उचलला.

"मॅडम, हे घामानं पार भिजलेत. पित्त झालंय म्हणूलालेत, झोपू द्या म्हणतेत."

मी तशीच रिक्षा घेऊन त्यांच्या घरी गेले. दवाखान्यात नर्सनं मशीनवरचे ठोके वाचले – एकशे चव्वेचाळीस. हार्ट अटॅक होता. अजून अर्धा तास गेला असता तर हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

पट्टे विकणारा दुकानदार म्हणाला, "असले पट्टे वांग्याला बांधले तरी ठोके दाखवतात." असेल. मी वांग्यालाही बांधून बघितला, त्याच दांडीलाही. नुसती रेघ आली. यापुढं मला काही सांगता येत नाही.

चाचा आता रोज सकाळी किल्ल्यापर्यंत चालत जातात, पट्टा मनगटावर. भेटले की म्हणतात, "मॅडम, तुम्ही विचारपूस केली म्हणून वाचलो." मी मान हलवते. तो फोन मी रागवायला केला होता, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.