घारीच्या उंचीवर

साइटवर त्यांना सगळे ‘वरचे’ म्हणत. “वरच्यांना चहा पाठवा.” “वरचे आज गप्प का?” एकतीस वर्षं टॉवर क्रेन चालवलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार! सकाळी शिडी चढायची ती संध्याकाळीच उतरायची. बायको म्हणे, “माझा नवरा फार वर पोचलेला आहे, जेवायला तेवढा खाली येतो.”

मग बोटं गेली. तुटली नाहीत, साखरेनं त्यांतली जाणीव गेली. कंपनीच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले.

“कळलं?”

“टोचा की,” वरचे म्हणाले. तेव्हा टोचून झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गेटवर हेल्मेटं वाटायचं काम. चिडले नाहीत, कुणाला बोल लावला नाही. वेळेवर जेवत, वेळेवर झोपत.

“अहो, काहीतरी बोला,” बायको म्हणायची.

“काय बोलू?”

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या लेकीला ते बघवेना. तिनं छोटा कॅमेऱ्याचा ड्रोन आणला. “बाबा, परत वर जा.”

रविवारी गच्चीवरून ते उडवू लागले. फोनच्या पडद्यावर छपरं दिसायची, साइट दिसायची, आपली केबिन दिसायची. पण काहीच हलायचं नाही. वाऱ्याला केबिन झुलायची ते अंगाला कळायचं. हे नुसतं चित्र.

“कसं वाटतंय?” लेक विचारी.

“छान दिसतं.”

साइटच्या कामापुरत्या उभारलेल्या दिव्यांच्या उंच खांबावर घारींचं घरटं होतं. जोडी ओळखीची. कित्येकदा क्रेनच्या दांड्यावर येऊन बसायची, मान वाकडी करून केबिनकडे बघायची, उडायची नाही. म्हणून त्या रविवारी त्यांनी ड्रोन बेलाशक खांबाजवळ नेला. आपलीच तर ती.

एक घार वरून सर्रकन गेली. दुसऱ्यांदा मागून आली, पडदा गरकन फिरला.

“वर घ्या, बाबा! वर! तिला सरळ वर चढता येत नाही!”

पण एकतीस वर्षं हातांना एकच शिकवण होती: गडबड झाली की ओझं खाली. त्यांनी खाली घेतला. वरून घार कोसळली. आकाश, छप्पर, पुन्हा आकाश, मग काही नाही.

ड्रोन खांबामागच्या मोकळ्या जागेत सापडला. एक पंखा अजून थरथरत फिरू बघत होता, त्यात पीस अडकलेलं. वरच्यांनी ते ओढून काढलं. पात्यावर रक्त होतं.

“कापली तिला,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच.

“बाबा, तुमचं बोट!”

अंगठ्याशेजारच्या बोटाला खोल चीर पडली होती, रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

“मग पात्यावरचं कुणाचं?”

“तुमचंच असेल.”

“तिचंही असेल.”

डॉक्टरांनी तीन टाके घातले. दुसऱ्याचा सदरा शिवताना बघावा तसे ते बघत राहिले.

सकाळी हेल्मेटं वाटून झाल्यावर त्यांनी वॉकीटॉकीवर नव्या ऑपरेटरला विचारलं, “खांबावर घार दिसते का?”

“एक दिसते, काका. अंड्यांवर बसलीय बहुतेक.”

“दुसरी?”

“नाही.”

दुपारी नाही, संध्याकाळी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी आपणहून बायकोला सांगितलं, “तीन दिवस झाले. ती उठत नाही, आणि तिला खायला कुणी आणत नाही.”

बायकोनं हातातली इस्त्री बाजूला उभी केली. “वाईट वाटतंय तुम्हाला?”

त्यांनी खरंच विचार केला. “कळत नाही. वाटायला पाहिजे, एवढं कळतं.”

ती जरा वेळ शेजारी बसून राहिली.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला वॉकीटॉकी खरखरला. “काका, दुसरी आली! पंज्यात काहीतरी आणलंय. शेपूट जरा एका बाजूनं विरळ दिसतंय.”

“पाय?”

“दोन्ही धड आहेत.”

“बरं,” वरचे म्हणाले. समोर एक सुतार हेल्मेटसाठी थांबला होता. “पट्टा घट्ट लाव रे,” त्याला म्हणाले. सुतार म्हणाला, “काका, तुम्ही हेल्मेट दिलंच नाही अजून.”

लेकीनं ड्रोन दुरुस्त करून आणला. त्यांनी तो खोक्यासकट कपाटावर ठेवला. “पिल्लं उडेपर्यंत नको,” म्हणाले. लेकीनं हट्ट धरला नाही.

अडीच-तीन महिन्यांनी ऑपरेटरनंच कळवलं, दोन्ही पिल्लं उडाली. मग जेवणाच्या सुट्टीत खाली आल्यावर त्यानं विचारलं, “पुढच्या वर्षी ही जोडी इथंच येईल का हो?”

“काम संपलं की खांब निघेल.”

“मग?”

“दुसरा बघतील,” वरचे म्हणाले, आणि त्याला बसायला बाकावर जागा करून दिली.