खालच्या टाकीतलं शेवाळ

मला राग पटकन येतो, हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. तसाच तो पटकन जातोही. हा मात्र जायचं नाव घेत नाही, म्हणून लिहून काढते.

हिंगोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठं. आमच्या पोरींनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण. इतकी वर्षं मी त्यांना समुद्रातले जीव शिकवले ते कशावर, तर फॉर्मॅलिनच्या बरणीतल्या पांढऱ्याफटक मढ्यांवर. एकदा एका पोरीनं विचारलं, "मॅडम, हे जिवंत असले की कसे दिसतेत?" मी पुस्तकातलं चित्र पुढं केलं आणि माझीच मला लाज वाटली. त्या दिवशी ठरवलं, प्रयोगशाळेत खाऱ्या पाण्याची टाकी करायची. केली. नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउनफिशची एक जोडी पुण्याहून मागवली. ती जोडी जगली पाहिजे, बस्स, दुसरं मला काही नको होतं.

खारी टाकी म्हणजे नुसतं पाण्यात मीठ टाकलं आणि झालं, असं नसतं. मासे खातात, घाण करतात, ती पाण्यात साठत जाते आणि शेवटी त्यांच्याच जिवावर उठते. म्हणून टेबलाखाली दुसरी छोटी टाकी ठेवायची. पंपानं पाणी वरून खाली, खालून वर फिरतं. खालच्या टाकीत दिव्याखाली समुद्रातली वनस्पती वाढते आणि वाढते ती पाण्यातली घाण खाऊनच. दाट झाली की मूठभर उपटून फेकायची, तिच्याबरोबर घाणही जाते. या खालच्या टाकीला रेफ्युजियम म्हणतात.

आता त्यात लावायचं काय? स्टाफरूममध्ये मी हा विषय काढला, हीच चूक. गणिताचे सर चहा पिता पिता म्हणाले, "मॅडम, सिद्धेश्वरच्या कालव्यात लागल तेवढं हाय की. आणू का पोतंभर?"

"सर, ते गोड्या पाण्यातलं आहे. खाऱ्यात दोन दिवसांत सडून जाईल."

"शेवाळ ते शेवाळ. त्याला काय कळून राहिलं गोड अन् खारट?"

सगळे खो खो हसले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की कप तिथंच ठेवून उठले.

पुण्याचा दुकानदार फोनवर वेगळाच. "कॉलर्पा घ्या मॅडम. द्राक्षाच्या घडासारखी दिसते, लोक बघत राहतात." अरे बाबा, मला लोकांना नाही दाखवायचं, मासे जगवायचेत! शिवाय मी वाचलेलं होतं. या कॉलर्पाचं काही बिनसलं, दिव्याचा नेम चुकला, की ती पोटातलं सगळं पाण्यात ओकून मोकळी होते. पाणी पांढरं होतं आणि मासे गुदमरतात. मी म्हणलं, "आमच्याकडं लाईट कधी जाते ते विचारू नका, कधी येते ते विचारा." तर म्हणे, इन्व्हर्टर लावा. प्राचार्यांच्या केबिनमधला पंखा लाईट गेली की बंद पडतो आणि हा मला गवतासाठी इन्व्हर्टर लावायला सांगतोय. दुसरी एक लाल जात होती, ग्रॅसिलारिया. देखणी, पण वाढायला आळशी. शेवटी कीटो नावाची तिसरी जात ठरली. दिसायला अगदी भांडी घासायची हिरवी घासणी. मुळं नाहीत, कशाला चिकटत नाही, लाईट गेली तरी रुसत नाही. म्हणलं, ही आपल्या हिंगोलीत नांदेल.

ट्रॅव्हल्सच्या गाडीनं थर्माकोलच्या डब्यात मूठभर आली आणि पाहता पाहता टाकीभर झाली. वर मासे असे टवटवीत की मधल्या सुट्टीत पोरी काचेला नाक लावून उभ्या. "हे काय आहे खाली?" जो तो विचारायचा. म्हणून मी पाटी लावली. पुस्तकात शब्द आहे शैवाल. मी तो खोडला. म्हणलं, पुस्तकी काहून? लेकरं बोलतात तेच लिहू. आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, शेवाळ.

पुढं एका सोमवारी तपासणीला समिती यायची होती. आदल्या शनिवारी प्राचार्यांनी प्रयोगशाळेत चक्कर मारली आणि पाटी वाचली. मला विचारायची तसदी कोण घेतो! थेट शिपाई मामांना सांगितलं, "ते शेवाळ साफ करून घ्या."

मामा आखाडा बाळापूरहून येतात. रविवारी सुट्टी असून बसनं आले. पंप बंद केला, टाकी उपसली, ब्लीचिंग पावडर टाकून घासली, बोअरच्या पाण्यानं भरली आणि पंप बराबर चालू करून घरी गेले.

सोमवारी मी दार उघडलं तर क्लोरीनचा भपकारा. खालची टाकी लखलखीत. वर दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडत होते. मामा मागं उभे, चेहऱ्यावर समाधान. "येक धागा बी ठेवला न्हाई, म्याडम."

मी ओरडले. अख्ख्या अकरावीच्या वर्गासमोर. "मामा, अक्कल गहाण ठेवून आला होतात का? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" त्यांनी प्राचार्यांचं नाव घेतलं नाही. मी प्राचार्यांकडं गेले तर ते म्हणाले, "अहो, शेवाळच होतं ना?" त्यांच्यावर मात्र मला ओरडता आलं नाही. पाय आपटत परत आले, एवढंच.

समितीनं प्रयोगशाळेची स्वच्छता वाखाणली. केबिनमध्ये पेढे वाटले, मी घेतला नाही. जमेल तेवढं पाणी बदलत होते, तरी एक मासा त्याच दुपारी गेला. दुसरा बुधवारपर्यंत तगला आणि गेला.

गुरुवारी मी टाकी रिकामी करत होते. मामा न बोलावता बादली घेऊन आले. त्यांनी पाटीवर बोट ठेवलं.

"म्याडम, येक इचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचारा."

"आमी अडानी मानसं. हौदात शेवाळ दिसलं की घासायचं, जलमभर तेच केलं. तुमाला ते जगवायचं व्हतं, तर वर शेवाळ काहून लिवलं?"

कोणती वनस्पती घ्यायची यावर मी महिनोन् महिने डोकं खपवलं होतं. पाटी लिहायला एक मिनिट लागलं होतं.

"मग काय लिहायचं होतं?" माझा आवाज अजून चढाच.

"पीक लिवायचं. पिकाला कोन हात लावतंय?"

माफी मागायला हवी होती. ओरडले वर्गासमोर, तर माफीही वर्गासमोरच. शब्द तोंडापर्यंत आले होते. बाहेर पडलं ते एवढंच, "बादली तिकडं ठेवा, मामा."